गाऱ्हाणं आणि ऐकणारा

2020 साली होळी 9 मार्चला पेटली. राजापूर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून ग्रामदेवतेच्या पालख्या निघाल्या. मुंबईचे चाकरमानी नेहमीसारखे शिमग्याला आले. पालखी दारात आली की दरवर्षी जे होतं तेच झालं. घरच्या बाईने ओटी भरली, नारळ ठेवला आणि मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. घरातली पोरंबाळं शिकताहेत, कोणी पोटासाठी परमुलखात गेलं आहे, त्यांच्या पाठीशी उभा राहा, काही आडवं आलं असेल तर दूर कर. प्रत्येक मागण्यापाठोपाठ अंगणातली माणसं एका सुरात म्हणाली, ‘व्हय म्हाराजा’.

पंधरवड्यात गुढीपाडवा आला आणि त्याच दिवशी, 25 मार्चला, सगळा देश घरात बंद झाला. दहावीच्या मुलांचा तेव्हा भूगोलाचा पेपर उरला होता. 23 मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला. काही आठवड्यांनी मुंबईहून माणसं परतू लागली आणि त्यांना गावच्या शाळेतच वेगळं ठेवायची वेळ आली. जिथे मुलं बसायची त्या वर्गात सतरंज्या टाकून बाप, काका, शेजारी दिवस मोजत राहिले. मुलं घरात आणि मोठी माणसं शाळेत, असं उलटं जग त्या उन्हाळ्यात कोकणाने पाहिलं. गणपतीला येणाऱ्यांसाठी पुन्हा दहा दिवसांच्या विलगीकरणाचा नियम आला. ‘मुंबईवाला आलाय’ हे शब्द एरवी आनंदाचे. त्या वर्षी ते कुजबुजीने बोलले गेले, आणि तो मुंबईवाला कोणाचा तरी बाप होता.

त्या दिवसांत पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला जगणंच नकोसं झालं असेल, तर त्याने कोणापुढे गाऱ्हाणं घालायचं होतं? हा प्रश्न कोरोनापेक्षा फार जुना आहे. आतलं दुखणं बोलायला माणसाला जागा लागते आणि समोर ऐकणारा लागतो. ती जागा देवळाच्या अंगणातून पत्राच्या पाकिटात, तिथून टेलिफोनच्या तारेत आणि शेवटी एका पाच आकडी क्रमांकात कशी आली, त्याचा हा मागोवा.

अंगणातलं गाऱ्हाणं

गाऱ्हाण्याकडे आपण देवाधर्माचा भाग म्हणून पाहतो. पण त्याच्या रचनेकडे नीट पाहिलं तर त्यात मोठं शहाणपण दिसतं. दुःख मोठ्याने बोललं जातं. ते एकट्याने बोलायचं नसतं, चार माणसांच्या साक्षीने बोलायचं असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोलणाऱ्याला लगेच उत्तर मिळतं. त्या उत्तरात सल्ला नसतो, उपदेश नसतो, ‘एवढ्याने काय होतं’ असं धुडकावणं नसतं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणजे ऐकलं, मान्य आहे, आम्ही तुझ्यासोबत उभे आहोत. आज समुपदेशनाचा पहिला धडा म्हणून जे शिकवतात, ते आमच्या गुरवाला आणि गावकाराला रीत म्हणून ठाऊक होतं.

पण या रीतीत एक जागा कायम रिकामी राहिली. गाऱ्हाणं घालणारा मोठा माणूस. पोरगं अंगणात उभं असतं, त्याच्या नावाने दुसरं कोणीतरी बोलतं. त्याला काय हवंय हे मोठ्यांना आधीच माहीत आहे, असं धरून चाललेलं असतं. पुन्हा सगळं चारचौघांत. परीक्षेची भीती, शरीरात होणारे बदल, कोणावर तरी जडलेला जीव, घरातली रोजची मारझोड, कोणी केलेला नकोसा स्पर्श, यांतलं काहीही चारचौघांसमोर मागण्यासारखं नसतं. ‘मोठ्यांच्या मधे बोलू नये’ हा आमच्या घरांतला नियम. त्यामुळे वयात येणाऱ्या मुलाच्या वाट्याला दुःख आलं, पण गाऱ्हाणं आलं नाही.

जे मन फारच बिघडलं त्याच्यासाठी 1886 पासून रत्नागिरीत मनोरुग्णालय होतं. महाराष्ट्रात शासनाची अशी चार प्रादेशिक रुग्णालयं, त्यांतलं हे एक. तिथे अनेकांना उपचार मिळाले, अनेकजण बरे होऊन घरी परतले. पण बोलीत त्या जागेचं काय झालं? ‘याला आता रत्नागिरीला न्यायला हवं’ हे वाक्य आमच्या भागात चेष्टेचं, नाहीतर धमकीचं झालं. म्हणजे एका बाजूला चारचौघांतलं अंगण आणि दुसऱ्या बाजूला उंच भिंतीचं इस्पितळ. या दोहोंच्या मधे, ज्याला वेड लागलेलं नाही पण जो आतून कोसळतो आहे, त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

साथ आली की काय मोजलं जातं

साथीचा अनुभव कोकणाला नवा नव्हता. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि शहर रिकामं होऊ लागलं. गिरणीतला, गोदीतला कामगार गावाकडे निघाला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. तपासणी, सक्तीने वेगळं ठेवणं, घरं रिकामी करणं, सगळं त्या कायद्याच्या आधाराने. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. अंगावर गाठ आलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. साथीत मुलाला आधी माणूस लागतो, ही शिकवण त्या आपल्या हाताने देऊन गेल्या.

सरकारने मात्र ताप, गाठ आणि मृत्यू मोजले. एकशे तेवीस वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, महाराष्ट्राने तोच 1897 चा कायदा पुन्हा लागू केला. या वेळी रुग्ण मोजले, खाटा मोजल्या, प्राणवायूच्या टाक्या मोजल्या. ते मोजायलाच हवं होतं. पण बंद दाराआड मुलाच्या मनाचं काय चाललं आहे, हे विचारणारा रकाना रोजच्या तक्त्यात नव्हता.

पाकिटातलं गाऱ्हाणं

मुलाला, तरुणाला चारचौघांत न बोलता येणारं बोलायची एक मराठी जागा याच रत्नागिरी जिल्ह्याशी नातं असलेल्या एका माणसाने उघडली. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या कर्व्यांच्या घरातले रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरीवर पाणी सोडावं लागलेले. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं.

या मासिकात वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना उत्तर देत. शरीराविषयी, लैंगिक सवयींविषयी, अपराधी वाटण्याविषयी. ज्यांना घरात, शाळेत, देवळात कुठेच विचारता येत नव्हतं ते लोक एका पाकिटात आपली लाज घालून टपालपेटीत टाकत होते. गाऱ्हाणं अंगणातून उठून पाकिटात गेलं ते इथे. बोलणारा आता स्वतःसाठी स्वतः बोलत होता आणि त्याचं नाव कोणाला कळत नव्हतं.

त्याची किंमत उत्तर देणाऱ्याने चुकवली. 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना शास्त्राच्या आधाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, ही त्यांच्या युक्तिवादाची दिशा. बाबासाहेब आंबेडकर आणि आंबडवे गावचं नातं आपण जाणतोच. ते गावही याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात मूळ असलेली दोन माणसं मुंबईच्या कोर्टात एकाच गोष्टीसाठी उभी होती. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला.

उत्तर न मिळालेली मुलगी

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, इंग्लंडमधल्या लिंकन गावी चॅड वारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला त्याच्या आयुष्यातला पहिला अंत्यविधी करावा लागला. मुलगी चौदा वर्षांची. तिला पाळी आली होती. ते काय असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला काहीतरी घाणेरडा आजार झाला असं तिला वाटलं, विचारायला कोणी नव्हतं आणि त्या भीतीत तिने आपला जीव गमावला.

‘कावळा शिवला’ एवढ्या दोन शब्दांत मुलीची समजूत घालणाऱ्या आमच्या माजघरांपासून लिंकन किती दूर होतं? पाळीच्या पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसवलेल्या आणि काहीही न सांगितलेल्या मुली आमच्याकडेही पिढ्यानपिढ्या होऊन गेल्या. मुंबईत उत्तर दिलं म्हणून एका संपादकाला शिक्षा होते आणि वर्षभरात इंग्लंडमध्ये उत्तर न मिळाल्याने एक मुलगी जाते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण शेजारी ठेवल्या की वयात येणाऱ्या मुलाला न ऐकण्याची किंमत किती असते ते लख्ख दिसतं.

वारांनी त्या थडग्यापाशी ठरवलं की मुलांना या विषयावर शिकवायचं. पुढची अठरा वर्षं ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. निराश माणसांची पत्रं त्यांच्याकडे येऊ लागली. पत्राला पोहोचायला दिवस लागतात आणि जीव नको झालेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आग लागली की आपण फोन करतो, मग या आगीसाठी फोन का नाही? 2 नोव्हेंबर 1953 ला लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून त्यांनी टेलिफोनवर ऐकायला सुरुवात केली. लोक प्रत्यक्षही येऊ लागले.

आणि तिथे एक गोष्ट आपोआप घडली. वारांना भेटायला आलेली माणसं बाहेर थांबत. मदतीला आलेले साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत, त्यांचं ऐकून घेत. कितीतरी जणांना मग आत पाद्र्याला भेटायची गरजच उरत नसे. ते मोकळे होऊन घरी जात. वारांनी मोठेपणाने हे ओळखलं आणि 1954 च्या फेब्रुवारीत फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. ऐकायला पदवी लागत नाही, शिकलेलं धैर्य लागतं, हे जगाला तिने दाखवलं.

वारांचा फोन सुरू झाला त्याच्या तीनच आठवडे आधी, 14 ऑक्टोबर 1953 ला, र. धों. कर्वे वारले. पत्रातून ऐकणारा गेला आणि तारेवरून ऐकणारा आला.

गुन्हा आणि कान

ही तार आपल्याकडे पोहोचायला बरीच वर्षं लागली. अडथळा होता तो 1860 च्या भारतीय दंड संहितेचा. कलम 309 प्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. आमच्या बोलीत ‘जीव दिला’ म्हणतात. पोलिसांच्या कागदावर मात्र ‘आत्महत्या’, ज्यात हत्या आहे आणि म्हणून गुन्हेगारही आहे. वाचलेला माणूस शुद्धीवर येतो तो जबाब द्यायला. घरचे घाबरतात, ‘चुकून झालं’ असं सांगतात. एकदा चुकून झालं म्हटलं की पुढे त्या मुलाशी त्याविषयी कोणी बोलत नाही. गुन्हा लपवावा लागतो, आणि लपवलेलं दुखणं बरं कसं होणार?

1986 साल म्हणून महत्त्वाचं. मुंबई पोलिसांतल्या मानसिक आजाराने त्रस्त एका शिपायाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. ज्याला उपचार हवेत त्याला शिक्षा देऊन काय साधणार, असा त्यामागचा माणुसकीचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हीच दिशा घेतली, पण 1996 मध्ये घटनापीठाने ते कलम पुन्हा उभं केलं. मात्र 1986 मध्येच चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली, ऐकणारे स्वयंसेवक आणि एक फोन घेऊन.

महाराष्ट्रात ही वाट मोकळी केली ती डॉ. आनंद नाडकर्णींसारख्यांनी. 1990 मध्ये ठाण्यात त्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केलं. मनाचं दुखणं ही मराठी घरात बोलायची गोष्ट आहे, हे त्यांनी व्याख्यानांतून, पुस्तकांतून, ‘वेध’च्या मंचावरून मुलांना आणि पालकांना सांगितलं. 1996 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आधाराने, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारातून ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. तिचा क्रमांक 1098. ‘दस नौ आठ’ असा उतरत्या पायऱ्यांसारखा, रस्त्यावरच्या निरक्षर मुलालाही पाठ होणारा. वयाने लहान माणूस स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालू शकेल, अशी सोय या देशात या क्रमांकाने केली. पुढे पुण्यात ‘कनेक्टिंग’ आली, 2012 मध्ये टाटा संस्थेचीच ‘आयकॉल’ आली. पण हे बहुतेक सगळं ठाणे, मुंबई, पुणे. राजापूरपासून पत्ता लांबचाच.

सड्यावरची रेंज

2020 मध्ये ही सगळी वाट एका वळणावर येऊन थांबली. शाळा मोबाइलवर आली. आमच्या डोंगरदऱ्यांतल्या घरांत रेंज येत नाही. ती यायची सड्यावर, नाहीतर एखाद्या वळणावरच्या दगडावर. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी बांधून त्यात अभ्यास केला, तिचं देशभर कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं. पण डोंगरावर ती एकटी बसली होती, पाऊस चालू होता, आणि तिच्यासारखी ज्यांची बातमी झाली नाही अशी मुलं कोकणाच्या सड्यांवर कितीतरी होती.

घरात फोन एकच. तो सकाळी थोरल्याच्या तासाला, दुपारी धाकटीच्या, संध्याकाळी मुंबईतल्या नातेवाइकांची खबर घ्यायला. हॉटेलात, दुकानात, कंपनीत असलेल्या बापाचा पगार थांबलेला. तो घरी बसलेला, त्याची चिडचिड चार भिंतींत फिरणारी. जूनमध्ये निसर्ग वादळाने जिल्ह्याचा उत्तर भाग मोडला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि आंब्या-काजूबरोबर विजेचे खांबही आडवे झाले.

याच काळात मदतीचे फोन भराभर वाढले. केंद्राच्या मनुष्यबळ विकास (आताच्या शिक्षण) मंत्रालयाने 21 जुलै 2020 ला विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ सुरू केलं. 7 सप्टेंबरला ‘किरण’ हा चोवीस तासांचा फोन आला, मराठीसह तेरा भाषांत. सोय मोठी होती. पण पाकिटाने आणि फोनने गाऱ्हाण्याला जो एकांत मिळवून दिला होता, तो टाळेबंदीने काढून घेतला. आई शेजारी स्वयंपाक करते आहे, बाप ओटीवर आहे, आजी खाटेवर आहे, फोन सगळ्यांचा आहे, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तोही कदाचित त्याच खोलीत आहे. अशा घरातून मुलगी कोणाला काय सांगणार? गाऱ्हाणं पुन्हा अंगणात आलं, फक्त भोवती ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात त्या वर्षाचे आकडे आहेत. 2020 मध्ये देशात 1,53,052 माणसांनी असा शेवट करून घेतला. त्यांत विद्यार्थी 12,526. आदल्या वर्षी विद्यार्थ्यांचा आकडा 10,335 होता. अठरा वर्षांखालची मुलं 11,396. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, 19,909. हे पोलिसांत नोंद झालेले आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्यामागे एकच कारण कधीच नसतं. तरी सर्व वयांच्या मिळून ज्या कारणाची नोंद सर्वाधिक, ते कारण म्हणजे कौटुंबिक अडचणी, 33.6 टक्के. जगभरच्या 29 अभ्यासांतून 80,879 मुलांची माहिती एकत्र करणाऱ्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की साधारण चारांतल्या एका मुलात नैराश्याची आणि पाचांतल्या एकात चिंतेची लक्षणं होती, साथीच्या आधीच्या मानाने जवळपास दुप्पट.

पूर ओसरल्यावर

2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. राज्याचा 99.95 टक्के आणि आमच्या कोकण मंडळाचा पूर्ण 100 टक्के. कोकणात त्या वर्षी दहावीला कोणी नापास झालं नाही. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की मुलं परीक्षेच्या धसक्याने खचतात. तो धसका खराच आहे. त्याआधी काही वर्षं, नापास झालेल्यांसाठी जुलैची फेरपरीक्षा आली तेव्हा ‘ऑक्टोबरची वारी’ संपली आणि अनेक मुलांचं वर्ष वाचलं, याचं मोल कमी नाही. पण बोर्डाच्या परीक्षा रद्द झालेल्या त्या 2021 मध्येच देशातल्या विद्यार्थ्यांचा आकडा 13,089 वर गेला. पेपर रद्द करून मुलाचं ओझं उतरत नाही. ओझं कसलं आहे ते त्याला विचारावं लागतं.

जपानमध्ये झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. साथीच्या पहिल्या पाच महिन्यांत तिथे जीव देण्याचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं होतं. जुलै ते ऑक्टोबर 2020 मध्ये ते 16 टक्क्यांनी वाढलं, आणि मुलं व किशोरवयीनांत तर 49 टक्क्यांनी. संकटाच्या ऐन भरात माणसं एकमेकांना धरून राहतात, धोका पुढे येतो. हे राजापूरच्या माणसाला वेगळं समजवायला नको. अर्जुना आणि कोदवली या नद्या चढल्या आणि पाणी जवाहर चौकात आलं की सगळं गाव जागं असतं. हाक येते, माल वरच्या माळ्यावर चढतो, कोणाची म्हातारी कोण उचलून नेतं. खरी कसोटी पाणी उतरल्यावर. गाळ प्रत्येकाच्या दुकानात असतो आणि तो ज्याचा त्याने काढायचा असतो.

4 ऑक्टोबर 2021 ला राज्यातल्या शाळांची घंटा पुन्हा वाजली. मुलं परत आली ती दीड वर्षाचा गाळ घेऊन. कोणाचा बाप गेला होता, कोणाचं वाचन मागे पडलं होतं, कोणाची मैत्रीण लग्न होऊन गेली होती. आपण त्यांना मागे राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करायला बसवलं.

पाच आकडे

तरीही या मागोव्याचा शेवट अंधारात होत नाही. 29 मे 2018 ला मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला. त्याच्या कलम 115 ने सांगितलं की जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरावं, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात जुनं कलम 309 राहिलं नाही. मुंबईच्या न्यायालयाने 1986 मध्ये जे म्हटलं होतं, तिथे देश अडतीस वर्षांनी पोहोचला. वाचलेल्या मुलाविषयी आता खोटं बोलायची गरज उरलेली नाही.

10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलिमानस’ सुरू झालं. क्रमांक 14416. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत. त्यासाठी नाव सांगावं लागत नाही, ठाण्या-पुण्याचा पत्ता शोधावा लागत नाही. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. आमच्या तालुक्यात वाडीवाडीला लहान शाळा आहेत. त्यांच्या मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी ही दुसरी ओळ वाचली पाहिजे, कारण ती त्यांच्यासाठी आहे.

पण फोन कितीही चांगला असला तरी पहिला ऐकणारा घरातला, वर्गातला, वाडीतलाच असतो. मूल अचानक गप्प होतं. जेवण, झोप मोडते. आवडीच्या वस्तू वाटून टाकतं. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं म्हणतं. नदीचं पाणी पुलाच्या कोणत्या खुणेला लागलं की उठायचं हे आपल्याला कळतं, तशाच या खुणा आहेत. त्या दिसल्या तर बाजूला बसवून, एकट्याला, सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. विचारल्याने त्याला कळतं की हे बोलता येतं. मग मधे बोलू नये. उपदेश करू नये. शेजारच्या मुलाचं उदाहरण देऊ नये. त्याला एकटं सोडू नये, घातक वस्तू त्याच्या हाताच्या आवाक्यात ठेवू नये, आणि त्याच्यासोबत बसून तो फोन लावावा किंवा ग्रामीण रुग्णालयात घेऊन जावं. आणि ज्या घराने मूल गमावलं आहे त्या घरावरून जाताना कुजबुजू नये. आत जावं.

राजापुरातल्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला एकच विनंती आहे. उद्या वर्गात गेलात की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात 14416 लिहा आणि वर्षभर तेवढा कोपरा पुसू नका. आणि पुढच्या शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा गाऱ्हाणं झाल्यावर घरातल्या मुलाला बाजूला घ्या, त्याचं गाऱ्हाणं त्याला स्वतःला घालू द्या, आणि ते संपेपर्यंत फक्त ‘व्हय’ म्हणा.